कापड चढवण्याआधी : द्विपंखी विमानाची प्रतिकृती कोल्हापुरात बांधताना, उडवताना आणि सांभाळताना

पहिल्या महायुद्धाच्या काळातील द्विपंखी विमानाची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी बांधायची असे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांनी आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या विमानाच्या पंखांतले दांडे, फासळ्या, चिकटवलेले सांधे आणि पोलादी जोड हे सगळे शेवटी कापडाखाली जाते, आणि एकदा कापड चढले की आतली चूक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या कामात बांधण्याइतकाच वेळ तपासण्यात आणि मनाला न पटलेले काम मोडून पुन्हा करण्यात जातो. तो वेळ धरूनच बेत आखावा. कोल्हापुरात दुसरा हिशेब पावसाचा करावा लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथल्या हवेत जी ओल असते, तिचा लाकडावर, डिंकावर आणि रंगावर इतका परिणाम होतो की कोणते काम कोणत्या महिन्यात करायचे, हे आराखड्याइतक्याच काळजीने ठरवावे लागते.

विमान निवडताना आपली जागा, आपले हात आणि आपले शरीर या तिन्हींचा विचार करावा. ज्यांना लाकूडकामाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि रिव्हेट यांवर उभी राहणारी निऊपोर्टची सात-अष्टमांश आकाराची प्रतिकृती आहे. दोन जणांनी बसायचे असेल तर त्या युद्धानंतरच्या टायगर मॉथची ८० टक्के आकाराची लाकडी प्रतिकृती आहे. आणि १९६३ मध्ये प्रथम उडालेली, युद्धानंतरच्याच हॉकर फ्युरीची सात-दशांश आकाराची आयझॅक्स फ्युरीही आजवर अनेकांनी बांधलेली आहे. आम्ही तिघा मित्रांनी एस.ई.५ए या एकआसनी लढाऊ विमानाची सुमारे ८५ टक्के आकाराची लाकडी प्रतिकृती निवडली. त्यामागे आराखड्यांच्या सुबोधतेबरोबर मनाची ओढही होती. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय यांनी वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, जुलै १९१८ मध्ये, ब्रिटिश हवाई दलाच्या ४० व्या स्क्वाड्रनमध्ये याच जातीच्या विमानातून १० हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला ते धारातीर्थी पडले. त्यांचे विमान आपल्या जमिनीवरून उडताना पाहावे, ही इच्छा आम्हाला वर्षानुवर्षे शेडमध्ये टिकवून धरायला पुरेशी ठरली. मूळ विमानाला दीडशे ते दोनशे अश्वशक्तीचे इंजिन होते, तर प्रतिकृतीला ८५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल सी-८५ पुरते. मात्र विमान लहान केले तरी वैमानिक लहान होत नाही, हे विसरू नये. आराखड्यातील मापांची कॉकपिटची चौकट साध्या प्लायवूडमध्ये ठोकून तिच्यात बूट घालून अर्धा तास बसून पाहावे, गुडघे आणि खांदे कुठे अडतात ते टिपावे आणि मगच पैसे गुंतवावेत.

आराखडे हाती आले की लाकूड मागवण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी, लेखी पत्रव्यवहार सुरू करावा. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे, त्यामुळे जुन्या मित्राने दिलेल्या जुन्या नियमपत्रिकेवर विसंबू नये. त्या दिवशी लागू असलेली पत्रिका स्वतः वाचावी. कोणत्या टप्प्यावर कोणाची तपासणी हवी, हे पहिल्याच पत्रात विचारून लेखी उत्तर मिळवावे आणि प्रत्येक सांधा झाकण्याआधी त्याचे दिनांकासह छायाचित्र व नोंद ठेवावी. घरी बांधलेल्या विमानाला आपल्या देशात वाट मिळू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. या दोन सालांमधले अंतर पाहूनच आपली उमेद आणि आपली शिल्लक यांचा मेळ घालावा.

आता लाकूड. आपल्याकडच्या सुतारांचा जीव सागवानावर असतो आणि दारे-खिडक्यांसाठी तो योग्यच आहे, पण सागवान दर घनमीटरला ६०० किलोच्या वर जाते, तर विमानासाठी वापरले जाणारे सिटका स्प्रूस ४०० ते ४५० किलोंच्या आसपास असते. आराखडा स्प्रूसचा असेल तर स्प्रूसच आणावे, तेही प्रमाणपत्रासह. फळी हातात आल्यावर तिच्या टोकाकडून वर्षवलये मोजावीत. एका इंचात किमान सहा हवीत. मग बाजूने रेषा पाहाव्यात. पंधरा इंच लांबीत रेषा एक इंचापेक्षा जास्त तिरकी जात असेल तर ती फळी पंखाच्या मुख्य दांड्याला लावू नये, कारण भार आल्यावर लाकूड त्याच तिरक्या रेषेने फाटते. फळ्या आणल्याबरोबर रंधा मारायला घेऊ नये. त्या शेडमध्ये आडव्या, मधे पट्ट्या देऊन, जमिनीपासून उंच रचाव्यात, ओलावामापकाने दर आठवड्याला पाहावे आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास स्थिरावल्यावरच काम सुरू करावे. जुलैत तासून बसवलेली फासळी मार्चमध्ये आडव्या अंगाने आकसते आणि काटेकोर बसलेला सांधा ताणला जातो, हे आम्ही पहिल्याच वर्षी अनुभवले. शेडमध्ये वाळवीचा बंदोबस्तही आधीच करावा.

डिंकाच्या बाबतीत एक शिस्त कधीही मोडू नये. एपॉक्सी किंवा रिसॉर्सिनॉल, जे वापरायचे ते, ज्या दिवशी जितक्या वेळा कालवले जाईल तितक्या वेळा त्याच मिश्रणातून दोन टाकाऊ तुकडे चिकटवून ठेवावेत, त्यांच्यावर दिनांक आणि सांध्याचा क्रमांक लिहावा आणि पूर्ण सुकल्यावर ते शिकंज्यात धरून हातोडीने मोडावेत. मोड लाकडातून गेली पाहिजे. दोन्ही पृष्ठांवर लाकडाचे तंतू उपटलेले दिसले पाहिजेत. आमच्याकडे एका डिसेंबरच्या सकाळी चिकटवलेल्या अकरा फासळ्यांचा नमुना मोडला तेव्हा तो गुळगुळीत, चकचकीत पृष्ठ दाखवत दोन भागांत वेगळा झाला. आमच्याबरोबर काम करणाऱ्या वयस्क सुतारमिस्त्रींनी तो तुकडा उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ह्यो मोडला न्हाई, सुटला." थंडीमुळे एपॉक्सी पुरती धरली नव्हती आणि प्लायवूडच्या पृष्ठावरची चमक पॉलिश पेपरने घालवलेली नव्हती. अकराच्या अकरा फासळ्या त्याच दिवशी बाजूला काढल्या. प्रत्येक फासळीला जवळजवळ अख्खी संध्याकाळ गेली होती, तरीही त्या निर्णयाबद्दल आम्हा कोणालाही आजवर हळहळ वाटलेली नाही.

पोलादी जोडांच्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत असे टर्नर आणि फिटर आहेत की कागदावरचा आकार सकाळी दाखवावा आणि संध्याकाळी भाग हातात घ्यावा. पण हात कितीही कसबी असला तरी धातू कोणता, हे आपणच ठरवायचे असते. पंखाच्या जोडांसाठी ४१३० क्रमांकाचे क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद प्रमाणपत्रासह आणून द्यावे, आणि विमानाच्या दर्जाच्या बोल्टच्या जागी दुकानातला बोल्ट, तो कितीही जाड आणि चकचकीत असला तरी, एकाही ठिकाणी घालू नये. आमचे तारांचे काही जोड एका कारखान्यातून फार सुबक वाकवून आले होते. भिंगाखाली पाहिले तेव्हा वाकणाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी रेघ दिसली. पत्रा लाटल्याच्या दिशेला समांतर वाकवला होता आणि वाकणाची त्रिज्याही आराखड्यापेक्षा लहान धरली होती. खात्रीसाठी फाउंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडून डाय पेनिट्रंट चाचणी, म्हणजे बारीक भेगा रंगाने उघड करणारी चाचणी, करून घेतली. ओतीव भागांसाठी ती इथे सर्रास केली जाते. पांढऱ्या भुकटीतून लाल रेघ उमटली आणि शंका फिटली. तेव्हापासून वाकणाची दिशा आणि त्रिज्या आम्ही चित्रावर लाल शाईने लिहून देतो आणि प्रत्येक जोडाची ही चाचणी करतो.

सांगाडा पूर्ण झाल्यावर, कापड चढवण्याआधी, विमान एकदा पूर्ण जोडून उभे करावे. वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे, दोन्ही पंखांचा कोन किती, टोके किती उचललेली, ही सगळी मापे ओळंबा, पाणसळ आणि ताणलेल्या दोरीने घ्यावीत. उडताना पंख वर जाऊ न देणाऱ्या तारा आणि जमिनीवर पंख लोंबू न देणाऱ्या तारा या एकमेकींविरुद्ध ओढत असल्याने एक आवळली की दुसरीचे माप बदलते. म्हणून घाईने एकाच बाजूला पिळत न बसता डावी-उजवी आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत जावे. टर्नबकलच्या, म्हणजे तार आवळण्याच्या आट्यांच्या जोडाच्या, बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि माप जुळले की लगेच सुरक्षातार गुंफावी. ही सगळी मापे वहीत लिहून ठेवावीत, कारण पुढे वर्षानुवर्षे तुलना करायची ती याच आकड्यांशी.

कापडाचे काम आपल्याकडे जानेवारी ते मार्च या काळात करावे, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी आयरिश लिनन वापरत. आता पॉलिएस्टरचे कापड चिकटवून, इस्त्रीच्या उष्णतेने ताणून घेतात. घरातल्या इस्त्रीच्या चकतीवर भरवसा न ठेवता तळाचे तापमान तापमापकाने पाहावे, सुमारे १२० अंशांपासून हळूहळू वर जावे आणि १७५ अंश सेल्सिअसच्या पुढे कधीही जाऊ नये, कारण त्यापुढे कापड ताणण्याऐवजी ढिले पडते. शेपटीच्या नाजूक चौकटींवर एका बाजूने संपूर्ण ताण दिला तर चौकट पीळ खाते, तेव्हा दोन्ही बाजू थोड्या-थोड्या तापवाव्यात. मग प्रत्येक फासळीशी कापड मेणदोऱ्याने शिवायचे असते. लांब सुई वरून खाली जाते, खालून पुन्हा वर येते आणि ठरलेल्या अंतरावर गाठ बसते. या कामी आम्हाला चपला शिवणाऱ्या एका शेजाऱ्यांची मोठी मदत झाली. दोरा किती ओढल्यावर कापड कापत नाही आणि किती ओढल्यावर गाठ सरकत नाही, हे त्यांच्या बोटांना पहिल्या दहा टाक्यांतच कळले होते. डोपचे, म्हणजे कापडावर लावायच्या खास रोगणाचे, थर देताना आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नये. द्रावक उडून जाताना पृष्ठ थंड होते, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि पांढुरका, ठिसूळ थर तयार होतो. रंगाआधी अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर द्यावा, कारण उन्हातील अतिनील किरणांपासून कापडाला तोच वाचवतो. पंखाच्या प्रत्येक कप्प्यात सर्वांत खालच्या जागी पाणी निथळण्याचे छिद्र ठेवायला विसरू नये.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगायचे तर सी-८५ सारखे साधे, हवेने थंड होणारे इंजिन घ्यावे. त्याच घराण्यातले ९० अश्वशक्तीचे सी-९० इंजिन आपल्या हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या १९५८ सालच्या पुष्पक विमानात होते, आणि ज्यांनी फ्लाइंग क्लबांत पुष्पक सांभाळले असे जुने विमान अभियंते अजूनही भेटतात. त्यांना शोधून काढावे. इंधनाच्या बाबतीत मात्र सवलत घेऊ नये. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ज्यातला काही वाटा आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून जातो. ते रस्त्यावरच्या गाडीसाठी असले तरी जुन्या विमान इंजिनांच्या रबरी सीलांना आणि टाकीच्या लेपाला ते खाते आणि हवेतले पाणी ओढून घेते. अॅव्हगॅसच, म्हणजे विमानांसाठीचे खास पेट्रोलच, वापरावे. डब्यातल्या इंधनाविषयी शंका असेल तर अरुंद काचेच्या नळीत थोडे पाणी घालून खूण करावी, वर इंधन ओतून हलवावे आणि स्थिर झाल्यावर पाहावे. पाण्याची पातळी खुणेच्या वर गेली असेल तर त्यात इथेनॉल आहे.

विमान तयार होण्याची वाट न पाहता शिक्षण आधीच सुरू करावे. खाजगी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १७, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. पण आजच्या प्रशिक्षण विमानांना पुढे चाक असते आणि आपल्या विमानाला शेपटीखाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने जमिनीवर धावताना ते जरासे तिरके झाले की आणखी तिरके होऊ पाहते, आणि रडरने, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूने, तत्काळ आवरले नाही तर गिरकी घेऊन पंख जमिनीला घासते. शेपटीच्या चाकाच्या विमानावर अनुभवी प्रशिक्षकाबरोबर स्वतंत्र तास केल्याशिवाय एकआसनी विमानात बसू नये, कारण तिथे चूक सावरायला मागे कोणी नसते.

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये झाला, म्हणजे अशी विमाने आकाशात नवलाची नव्हती त्या काळचा तो आहे. तिथे आता प्रवासी विमाने येतात. त्यामुळे नियंत्रण कक्षाची परवानगी, आवश्यक तेथे हवाई संरक्षण मंजुरी आणि विमान ठेवण्याची लेखी संमती ही कामे आधी उरकावीत. पहिल्या उड्डाणाआधी तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन करावे, गुरुत्वमध्य काढावा आणि तो इंधन भरलेले व संपलेले अशा दोन्ही अवस्थांत मर्यादेत आहे याची खात्री करावी. मग कित्येक दिवस नुसते जमिनीवर चालवावे. नाक वर असल्याने समोरचे काही दिसत नाही, तेव्हा नागमोडी चालत एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहण्याची सवय अंगात मुरवावी. प्रोपेलर हाताने फिरवायचा असेल तर चाकांना गुटके, शेपटीला दोर आणि आसनावर जाणता माणूस या तिन्हींशिवाय पात्याला हात लावू नये. पहिले उड्डाण नोव्हेंबर ते जानेवारीतल्या एखाद्या निवांत सकाळी, वारा पडलेला असताना ठेवावे.

उडताना तीन गोष्टी या जागेच्या म्हणून लक्षात ठेवाव्यात. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की तिथली हवा ५,००० फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते आणि इंजिनाची सहाव्या-सातव्या हिश्श्याइतकी शक्ती घटते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उड्डाण न ठेवलेले बरे. दुसरी गोष्ट कार्ब्युरेटरमधल्या बर्फाची. बाहेर बावीस-पंचवीस अंश तापमान असताना बर्फ कसा, असे नवख्याला वाटते. पण इंधनाचे बाष्पीभवन आणि दाबातील घट यांमुळे आतले तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही अधिक उतरते, आणि पावसाळ्याच्या आगेमागे हवेत भरपूर बाष्प असते. इंजिनाचे फेरे कारणाशिवाय उतरू लागले तर कार्ब्युरेटरची उष्णता पूर्ण द्यावी. फेरे आधी आणखी घटतील, इंजिन खडखडेल आणि बर्फ वितळल्यावर सुधारेल. त्या मधल्या क्षणी घाबरून उष्णता बंद करू नये. तिसरी गोष्ट उसाची. इंजिन बंद पडले तर तारा आणि दोन पंखांच्या रोधामुळे हे विमान उताराने लवकर खाली येते, आणि नाक त्वरित खाली केले नाही तर वेग क्षणात संपतो. खाली दोन-तीन मीटर उंच उभा ऊस असेल तर चाके शेंड्यांत अडकून विमान उलटते. तेव्हा तोडणी झालेली राने कुठे आहेत, हे प्रत्येक उड्डाणाआधी रस्त्याने हिंडून पाहावे. मोटारपंपांच्या विजेच्या तारा आणि भातखाचरांचे बांध वरून दिसत नाहीत, तेही टिपावेत. पश्चिमेकडच्या डोंगरांपेक्षा पूर्वेकडचा सपाट मुलूख सरावाला बरा.

पावसाळ्यात विमान शेडमध्येच ठेवावे आणि ते नुसते झाकून न ठेवता हवा खेळती राहील अशी व्यवस्था करावी. हवेतला वेग मोजणारी पिटो नळी आणि इंधन टाकीची हवानळी यांना आवरण घालावे, कारण कुंभारमाशी आठवडाभरात त्यांत मातीचे घर करते. ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात सगळी तपासणी-झाकणे उघडून दांड्यांवर बॅटरीचा उजेड तिरका टाकावा. जोरात टेकलेल्या चाकांमुळे पडलेली आडवी बारीक चीर सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्यात सावली टाकते. प्लायवूडवर नाण्याने हलके ठोकत जावे आणि आवाज बद्द आला तिथे खूण करावी. निथळछिद्रांतून काडी घालून ती मोकळी आहेत का पाहावे. शेवटी तारांचा ताण वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावा. पावसात फुगलेले लाकूड पुढच्या कोरड्या हवेत आकसत जाते आणि ताण हळूहळू उतरतो, म्हणून तेच मोजमाप तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावे आणि दोन्ही वेळचे आकडे जुळल्यावरच हंगामातल्या पहिल्या उड्डाणाचा दिवस ठरवावा.